लक्ष्म्यांच्या मागचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, आणि ज्या देवीपुढं दरसाल डोकं टेकते तिलाही तोंडानं म्हणून कधी नाही. तिला काय सांगायचं म्हणा — डबा तर तिच्याच पाठीमागं ठेवला होता मी.

बघा, लगेच डब्यावर आले. असं नको. आधी मी कोण ते तरी कळू द्या तुम्हाला, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

हिंगोलीहून नरसीकडं जाताना आमच्या गावचा फाटा लागतो. तिथं माझं दुकान आहे. वह्या, पेनं, बांगड्या, फॉल, लेस, भादव्यात आराशीचं सामान. गमसुद्धा ठेवते. पांढरा गम पोरांच्या वह्यांना लागतो, तो पाण्यातला असतो, ओला असताना काडी लावली तरी पेटत नाही. ती छोट्या ट्यूबमधली, बोटाला बोट चिकटवणारी चीज पण ठेवते — पण देताना बजावून देते, सुती कपड्यावर सांडू नका, चटका बसेल इतकं तापतं ते. आणि तिसरं ते पिवळं सोलुशन. चपलांना, रेक्झिनला, प्लायवूडला लावतात ते. मधासारखं दाट, झाकण काढलं की नाकातून डोक्यात जाणारं. ते मी ठेवत नाही. गिऱ्हाइकं मागतात, मी सरळ नाही म्हणते.

महालक्ष्म्यांच्या आधी बाया सामान न्यायला आल्या की मी एकेकीची पाठच धरते. दिव्याजवळ असलं काही चिकटवू नका. चिकटवलंच तर खिडक्या उघड्या टाका. पुरतं वाळू द्या, वास जाऊ द्या, मग काडी ओढा. बाया ऐकून घेतात. एक मास्तरीणबाई तर म्हणाली, अक्का, तुमच्यासारखं सांगणारं माणूस गावोगाव पाहिजे. मी हसले आणि पिशवी तिच्या हातात दिली.

एवढी काळजी काहून, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी खोटं सांगितलं असतं. त्याची मला सवय आहे.

घर आमचं शेतकऱ्याचं. हळद, सोयाबीन, खाण्यापुरता गहू. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचे दोन लेक — थोरले आमचे हे, आणि धाकटे भावजी. भावजींची बायको रेणुका. औंढ्याकडची पोरगी. उंच, सावळी, आणि हसायला लागली की थांबायची नाही अशी. ब्लाउज इतके बराबर शिवायची की बाया हिंगोलीचे शिंपी सोडून तिच्याकडं यायच्या. मला अक्का म्हणायची. लग्न होऊन तीनेक वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. ते कुणी तिच्या तोंडावर बोलत नव्हतं, पण मागं काय, बोलायचेच की. मी पण बोललेय.

आमच्याकडं महालक्ष्म्यांचा सण दिवाळीहून मोठा. तीन दिवस लक्ष्म्या माहेरी येतात — ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आणि पुढ्यात त्यांची दोन लेकरं. उंबऱ्यापासून कुंकवाची पावलं काढायची, ताट वाजवत त्यांना आत आणायचं, चौरंगावर बसवायचं, समई लावायची. ती समई तीन दिवस विझू द्यायची नाही. विझली तर घराला काय काय होतं ते आत्याबाई अशा सांगायच्या की अंगावर काटा यायचा. त्या दिवसांत लक्ष्म्यांच्या खोलीच्या खिडक्या आम्ही बंदच ठेवायचो. वारा नको म्हणून. सगळ्या गावात तसंच करतात, माझ्या माहेरीही तसंच.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून आरास माझी आणि दिवा आत्याबाईंचा. आरास मी अशी करायची की बाया वाकडी वाट करून बघायला यायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. त्या साली आत्याबाईंचे गुडघे गेले, खाली बसता येईना. आता दिवा माझ्याकडं येणार हे मी मनात धरूनच चालले होते. थोरली मी, घरात आधी आलेली मी. आणि आत्याबाई जेवता जेवता म्हणाल्या की थोरलीकडं आरास हाय, तर धाकटीकडं दिवा राहू द्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. दिव्याची सेवा केली तर देवी त्या पोरीची ओटी भरेल. रेणुकालाही कळलं. तिच्या हातातला घास तसाच राहिला आणि डोळे भरून आले. तीन वर्षांत त्या घरात तिला पहिल्यांदा कुणी काही दिलं होतं.

आणि मला? मला राग आला. सांगते ना, राग आला. मी वाढायला उठले आणि भाजीचं पातेलं आदळलं.

ह्या रागाचं पुढं काय झालं असं तुम्ही विचाराल. रागानं मी काही केलं का? आग लावली का? नाही. तेवढं मी केलं नाही. पण राग होता म्हणून आरास अशी करायची ठरवली की सगळ्यांनी आराशीकडंच बघावं, दिव्याकडं कुणाचं लक्षच जाऊ नये. थर्माकोलची मोठी कमान, तिच्यावर जांभळी मखमल, मखमलीवर सोनेरी लेस, मागं जरीच्या गोट्याच्या वेली, कडेनं लाइटची माळ. तसली कमान कुणी केली नव्हती. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, तोही कसा काढायचा ते माझं ठरलेलं होतं.

भादव्याची हवा तुम्हाला ठाऊक आहे. कपडा वाळत नाही, पापड सादळतात. पांढऱ्या गमानं चिकटवलेली मखमल दोन दिवस ओलीच्या ओली. दाबून धरावं, हात काढला की पोपडा सुटावा. लक्ष्म्या यायचा दिवस उजाडला आणि अर्धी कमान लोंबत होती. मी येड्यावानी झाले. हातातलं काम टाकलं आणि गाडीत बसून हिंगोलीला गेले, हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या सोलुशनचा डबा आणला. दुकानदारानं मला बजावलं होतं. हिंदीतच बोलला तो — ताई, जब तक सूखे नहीं, दिये-बत्ती से दूर रखना. डब्यावर लाल चौकटीत जाळ काढलेला होता. तो बघायला शिक्षण लागत नाही.

आणि दुकानदाराचं सोडा. माझ्या भावाचं पंक्चरचं दुकान आहे सेनगावला. लहानपणापासून त्याच्याजवळ बसत आलेय मी. ट्यूबवर सोलुशन लावायचं, काडी ओढायची, की फुर्रकन जाळ धरतं — हे मी कितीदा पाहिलंय. एकदा खाली सांडलेल्या थेंबाला लांबूनच जाळ लागलेला पाहिला, तेव्हा भाऊ म्हणाला होता की ह्याचा वास जड असतो, खाली बसतो, भुईवरून सरकतो, जाळ आपल्याकडं ओढून आणतो. मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला माझी कीव यायला लागली तर ती येऊ देऊ नका.

दुपारभर मी चिकटवत होते. खिडक्या बंद. सोलुशन झ्याक धरत होतं. मखमल कशी ताणून बसली, काय सांगू. डोकं जड झालं होतं, पण मी खूश होते. शेवटची वेल राहिली तेवढ्यात बाहेरून हाक आली — बाया जमल्या, ताट वाजायला लागलं, लक्ष्म्या उंबऱ्यात आल्या. मी डबा उचलून चौरंगाच्या मागं सरकवला. झाकण नुसतं वर टेकवलं, कारण वेल पूर्ण करायची होती ना, मंडळी पांगली की. चौरंगाला जमिनीपर्यंत साडीचा पडदा सोडलेला होता. त्यामागं डबा दिसत नव्हता.

रेणुका समई पुसून, वाती वळून, तेल घालून तयार होती. नवी हिरवी साडी, हातभर चुडा. ती खोलीत शिरली आणि तिनं नाक मुरडलं.

"अक्का, कसला वास हाय? डोकं गरगरून राहिलं. खिडकी उघडू का जराशी?"

मी काय म्हटलं असेल? तुम्ही असता तर काय म्हटलं असतं?

"दिवा विझल," मी म्हटलं. "राहू दे बंद."

दिवा तेव्हा पेटलेलाही नव्हता. विझण्याची काळजी मी आधीच करून राहिले होते. की तिनं खिडकीकडं जाताना आराशीमागं बघितलं असतं तर डबा दिसला असता, त्याची काळजी? मला खरंच सांगता येत नाही. दोन्ही असेल.

लक्ष्म्या बसल्या. बाया दारात दाटीनं उभ्या, आत्याबाई खुर्चीवर. रेणुका खाली बसली, पदर खोचला, हात जोडले आणि काडी ओढली. पहिली वात धरली. दुसरी धरली. आणि मग समईपासून चौरंगाच्या पडद्याखाली निळसर काहीतरी भुईलगत पळालं. मागं भप्प असा आवाज झाला आणि पडदा एकदम पेटला. मखमल, थर्माकोल, लेस सगळं वरपर्यंत. काळा धूर. बाया किंचाळत बाहेर पळाल्या. मी पण पळाले. आत्याबाईंना खुर्चीसकट ओढत मी बाहेर आले, म्हणून लोक अजून माझी तारीफ करतात.

रेणुका पळाली नाही. तिनं हात आत घातला आणि लक्ष्म्यांची ती दोन लेकरं ओढून काढली. शाडूची दोन मुंडकी हो, वीतभर झबली घातलेली. ती पोटाशी धरली, बाहेर ठेवली, आणि परत फिरून कनिष्ठेला काढायला गेली. पेटलेली लेस वितळून तिच्या बोटांवर चिकटली. सोलुशनच्या ओल्या पट्ट्या होत्या त्याही चिकटल्या. झटकता येत नव्हतं. यांनी आणि भावजींनी गोधड्या भिजवून टाकल्या तेव्हा कुठं जाळ दबला.

घर वाचलं. माणसं वाचली. ज्येष्ठेचा मुखवटा तडकला, कनिष्ठेचा काळा पडला.

आता इथून पुढचं सांगायचं आहे. आगीचं सांगणं सोपं होतं. आग काय, चुकीनं लागते म्हणता येतं. निष्काळजी बाई म्हणाल मला, त्याहून जास्त काय म्हणाल? एवढंच असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते.

रेणुका अंगणात बसली होती, दोन्ही हात पाण्याच्या बादलीत. यांनी गाडी आणायला माणूस पाठवला होता. मी धुरातून परत आत गेले, काय वाचतंय ते बघायच्या निमित्तानं, आणि डबा उचलला. एका अंगानं फुगून काळा झाला होता, चटका बसत होता. ओल्या पोत्यात गुंडाळला आणि पदराखाली धरला. बाहेर आले तर हे म्हणत होते की लाइटच्या माळेची वायर जळाली असेल, चायना माल आहे. लोक माना डोलवत होते. बघा, तिथंच संपत होतं सगळं. मी गप्प उभी राहिले असते तरी भागलं असतं. कुणाचंही नाव निघत नव्हतं.

पण भावजी आत जाऊन आले. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हा वास वायरीचा न्हाई. चपलाच्या दुकानात येतो तसला वास हाय. काय लावलं व्हतं मागं?"

आणि ते माझ्याकडं बघायला लागले. आत्याबाईही बघायला लागल्या. दारातल्या बायाही. पोत्याच्या आतून तो डबा माझ्या पोटाला भाजत होता.

मी म्हणाले, "आत्याबाई, रेणूनं गोळ्या खाल्ल्या व्हत्या."

एवढंच. एवढं एकच वाक्य. दुसरं काही बोलायची गरजच पडली नाही.

कसल्या गोळ्या ते तिथल्या एकाही बाईला विचारावं लागलं नाही. पाळी पुढं ढकलायच्या. रेणुकाची तारीख लक्ष्म्यांतच येत होती. ती आठवडाभर आधी माझ्याजवळ येऊन रडली होती, की अक्का, आता दिवा हातचा जाणार. आमच्याकडच्या निम्म्या बाया सणावाराला त्या गोळ्या घेतात. घेतात आणि कुणी बोलत नाही. सासवांना कळतं, त्याही बोलत नाहीत. पण एकदा बोललं, आणि समोर देवीचा मुखवटा काळा होऊन पडलेला असला, म्हणजे मग गोष्ट निराळी होते.

आत्याबाईंनी त्या काळ्या मुखवट्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "देवीला फसवून दिवा लावलास व्हय गं?" ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडत होत्या.

मग वासाचं कुणी विचारलं नाही. भावजींनीही नाही. ते बायकोकडं असं बघत होते की जणू ती कुणीतरी दुसरीच आहे.

आणि अजून एक. हे शेवटचं, ह्याच्या खाली काही नाही. त्या गोळ्या तिला मी दिल्या होत्या. माझ्या ट्रंकेत असायच्या, कारण मी स्वतः किती वर्षं घेत होते. ती रडत होती तेव्हा मीच काढून दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं, डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं की कुणाला कळत नाही, येडे. तेव्हा मला खरंच तिची माया आली होती. राग होता तरी आली होती. दोन्ही एका पोटात राहतं, तुम्हाला ठाऊक नाही का?

मी ते वाक्य बोलले तेव्हा रेणुकानं मान वर केली. हात बादलीतच. ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता बोलेल — अक्कानंच दिल्या. बोलली असती तर तिचं खरं होतं. तिनं तोंड उघडलं, मग मिटलं, आणि खाली बघितलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. दवाखान्यात नाही, नवऱ्यापाशी नाही, नंतर एवढी वर्षं झाली, एकदाही नाही. काहून? मी पण त्यात येईन म्हणून? थोरल्या जावेची लाज राखली? मी तिला विचारू शकत नाही. विचारायचं तर आधी मला बोलावं लागेल.

डबा मी उकिरड्यात खोल पुरला.

हिंगोलीच्या दवाखान्यात ती बरेच दिवस होती. मी डबा घेऊन जायची — जेवणाचा. एकदा पट्टी बदलताना कातडं निघून आलं आणि मी भिंतीकडं तोंड करून रडायला लागले. तर ती म्हणाली, अक्का, तुमी नका रडू, माझंच चुकलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. माणसाला खरं बोलायला याहून सोपी जागा कुठं मिळते? मी डोळे पुसले आणि तिला वरणभात भरवला.

बोटं तिची आखडली ती आखडलीच. सुई धरता येईना, मशीन विकली. घरी आल्यावर आत्याबाईंनी तिला त्रास दिला नाही, हे मला त्यांच्यासाठी सांगितलंच पाहिजे. जेवू घातलं, औषधपाणी केलं. फक्त लक्ष्म्यांना हात लावायचा नाही. खोलीत यायचं नाही. त्या तीन दिवसांत ती बाहेर ओसरीवर बसायची आणि तिथूनच हात जोडायची. दिवा माझ्याकडं आला. मूल झालं नाही, ते तर सगळ्या गावानं त्या दिव्याशी जोडून टाकलं. डॉक्टर भावजींना काय म्हणाले, तपासणी कुणाची झाली, कुणाची नाही, हे कुणाला विचारायचं नव्हतं. कारण ठरलेलं होतं. मी ठरवून दिलेलं होतं.

मग भावजींनी हिंगोलीला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नोकरी धरली आणि ते दोघं तिकडं राहायला गेले. रेणुकानं तिथं काय काय नाही केलं. सोमवार धरले, शुक्रवार धरले, औंढ्याच्या नागनाथाला अनवाणी जाऊन आली. लोक म्हणायचे, लेकरासाठी करून राहिली. ती मला एकदा म्हणाली होती की लेकरासाठी नाही अक्का, आता लेकराचं काय, माफीसाठी करते. आणि हे तिला कुणी लावलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी म्हणायचं सोडलं तरी तिनं सोडलं नाही. तिला मनापासून पटलेलं आहे की तिच्यामुळं देवी जळाली. दोष दुसऱ्यावर ढकलला की तो तिथंच वरवर राहत असेल असं मला वाटायचं. तो तिच्या आत गेला, हाडांपर्यंत, आणि तिचाच होऊन बसला.

आत्याबाई गेल्या त्याला आता बराच काळ झाला. शेवटी माझा हात धरून म्हणाल्या होत्या, थोरले, तुझ्यामुळं घरात देवी टिकली. तेव्हाही मी बोलले नाही. मरणाऱ्या माणसाला कशाला तकलीफ, असं मनाला समजावलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला ते शब्द हवे होते. ते ऐकायला मला बरं वाटलं.

यंदाचं सांगते आणि थांबते.

यंदा लक्ष्म्यांच्या आधी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. आवाज बारीक झालाय तिचा. मग म्हणाली की उन्हाळ्यात ऑपरेशन झालं, पिशवी काढली. मला कळलं नव्हतं, तिनं कुणाला कळवलंच नव्हतं. मी हळहळले, काळजी घे म्हटलं. तर ती म्हणाली, "अक्का, आता मला कसलीच अडचण न्हाई राहिली. आता तरी येऊ का लक्ष्म्यांपुढं? तुमी म्हणत असाल तरच."

मला विचारत होती. घरात आता थोरली मी, म्हणून मला.

तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. फोन कानाला होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक वाक्य मी बोलले होते तेव्हा, तसंच दुसरं एक बोलायचं होतं. मी म्हटलं, "ये की गं. आता काय." मोठ्या मनानं म्हणतात तसं. मी तिला परवानगी दिली.

ती आली. साधी साडी, केस पांढरे झालेले. खोलीच्या उंबऱ्याशी अडखळली, मी 'ये' म्हटल्यावर आत आली. खिडक्या आता मी उघड्या ठेवते, दिव्याला काचेची चिमणी केलीय. तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही. बाया होत्या, पोरीबाळी होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं ही कोण. ती लक्ष्म्यांपुढं बसली आणि कान धरायला हात वर केले. बोटं वळत नाहीत ना तिची. कानाची पाळी चिमटीत येईना, तर नुसती मूठ कानाला लावून बसली. म्हणाली, "माय, चुकलं माझं. मी तुला फसवलं. आता तरी पोटात घाल." मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांच्या देखत. एकदोन बायांनी डोळ्याला पदर लावला. मी तिच्या शेजारीच कुंकवाचा करंडा घेऊन उभी होते.

मग ती उठली आणि माझ्याकडं वळली. सणाच्या दिवशी थोरल्या जावेच्या पाया पडतात आमच्याकडं. ती वाकली, म्हणाली, अक्का, तुमी बोलावलं म्हणून हा दिवस दिसला, आणि तिनं कपाळ माझ्या पायांवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

मी पाय मागं घेतले नाहीत.